खटला जिंकायचा तो सहीच्या दिवशी

कोर्टात समोरासमोर उभे राहणारे बहुतेक पक्षकार एकमेकांचे चांगले ओळखीचे असतात. सख्खे भाऊ, जुने भागीदार, गाळामालक आणि त्याचा ‘घरच्यासारखा’ भाडेकरू, घाऊक व्यापारी आणि त्याचे वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक. परक्याशी व्यवहार करताना आपण सावध असतो. ओळखीच्या माणसापुढे मात्र जीभ अडखळते. ‘कागद कशाला, शब्द आहे ना’ म्हणत व्यवहार उरकतो आणि पुढे काही वर्षांनी कोणी कोणाला काय शब्द दिला होता, याच्या साक्षी काढत बसावे लागते.

छोटे व्यावसायिक आणि मिळकतदार यांची भांडणे दोनच ठिकाणी अडतात. एकतर कागद केलेला नसतो, नाहीतर तारीख उलटून गेलेली असते. बाजू खरी असूनही माणूस हरतो तो यामुळे. म्हणून महाराष्ट्रात दुकान, गाळा, जमीन किंवा छोटा उद्योग बाळगणाऱ्यांनी कुठला कागद कधी करायचा आणि कुठली तारीख सांभाळायची, ते इथे एकत्र मांडले आहे.

गाळा भाड्याने देताना

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज राज्यभर पक्का बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरी झळ बसते ती वादाच्या वेळी. करार नोंदलेला नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच कायदा धरून चालतो. ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचे ओझे मालकाच्या डोक्यावर येते. नुसता स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करार इथे उपयोगी पडत नाही.

खर्चाच्या भीतीने नोंदणी टाळली जाते, म्हणून हिशेबच करून पाहू. गाळ्याचे भाडे महिना ३०,००० रुपये, मुदत ३६ महिने, परत करायचे डिपॉझिट दोन लाख. एकूण भाडे झाले १०,८०,००० रुपये. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने व्याज धरायचे, म्हणजे तीन वर्षांचे ६०,०००. दोन्हींची बेरीज ११,४०,००० आणि तिच्या पाव टक्का, म्हणजे २,८५० रुपये मुद्रांक शुल्क. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. साठ महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला हाच दर आहे आणि नोंदणी ऑनलाइनही होते. दहा लाखांहून अधिक भाडे ज्या करारावर अवलंबून आहे, त्याला चार हजारांच्या आत खर्च येतो.

दुसरी गोष्ट दुकानमालकांच्या फारशी लक्षात येत नाही. राहण्यासाठी दिलेल्या जागेतून लायसन्सधारक मुदतीनंतर उठला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. हा जवळचा मार्ग कलम २४ ने फक्त निवासी जागेला दिला आहे. दुकान, गाळा, ऑफिस यांच्यासाठी लघुवाद किंवा दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता धरावा लागतो. म्हणून व्यावसायिक करारात मुदतीनंतर दररोजची भरपाई किती, लॉक-इन किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, जागा कोणत्या धंद्यासाठी, पोटभाडेकरू चालेल का, मेंटेनन्स आणि मालमत्ता कर कोणाकडे, हे सगळे स्पष्ट लिहा. नवा करार जुना संपण्याच्या महिनाभर आधी करा. करार संपल्यावरही नुसते भाडे घेत राहिलात, तर ‘मालकाने मला नव्याने भाडेकरू मानले’ हा बचाव तुम्हीच समोरच्याच्या हाती देता.

भाड्यावरच्या जीएसटीचाही उल्लेख करारात हवा. व्यावसायिक जागेच्या भाड्यावर १८ टक्के कर आहे. मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि भाडेकरू नोंदलेला असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून हा कर रिव्हर्स चार्जने भाडेकरूने भरायचा आहे. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यांना पुढे यातून वगळले गेले. करारात याबद्दल काही नसेल, तर वर्षाअखेरीस सीएसमोर दोघांची तोंडे दोन दिशांना होतात.

आणि भाडे थकले म्हणून शटरला स्वतःचे कुलूप ठोकू नका. ताब्यातल्या माणसाला कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढले, तर सहा महिन्यांच्या आत तो ताबा परत मागू शकतो आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हे पाहिलेच जात नाही. थकबाकी त्याची असते आणि आरोपीसारखे उभे राहावे लागते मालकाला.

जागा घेताना: सातबाऱ्याच्या उजव्या बाजूला काय आहे?

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की, असे धरून अनेकजण विसार देऊन बसतात. सातबारा आणि फेरफार या महसुली नोंदी आहेत. उलट सिद्ध होईपर्यंत त्या खऱ्या मानल्या जातात, पण नुसत्या नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. मालकी येते ती खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा वारसा यांतून.

तरीही सातबारा नीट वाचला तर बरेच काही सांगतो. आधी भोगवटादार वर्ग पाहा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. मग ‘इतर हक्क’ हा रकाना पाहा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा, सारे तिथेच असते. प्रत्येक नोंदीपुढचा फेरफार क्रमांक टिपून घ्या, ते फेरफार काढा आणि एकेक करून मागे जा. बापाच्या नावावरून दोनच मुलांची नावे लागली असतील तर मुली किती होत्या, हे विचारा. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून एकाचेच नाव असेल, तर बाकीचे हिस्सेदार कोण, हे शोधा. शहरातल्या जागेसाठी सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका असते. वाचायची रीत तीच.

सोबत वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, इंडेक्स टू काढा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. जागेवर जाऊन ताबा कोणाचा आहे, हे स्वतः बघा. शेतजमीन असेल तर आधी स्वतःकडे पाहा. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. एमआयडीसीतला प्लॉट घेत असाल, तर ती जमीन बहुधा ९५ वर्षांच्या लीजची असते. विकणारा लीज हस्तांतरित करतो आहे, तेव्हा महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरणाचे शुल्क यांचा हिशेब आधीच करायला हवा.

साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र हातात आले की जागा आपली झाली, ही समजूतही महागात पडते. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. मुखत्यारपत्राने दुसऱ्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार मिळतो आणि देणारा वारला की तो अधिकार साधारणपणे संपतो. सूरज लँप प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले की साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी मोट बांधून मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदवलेले खरेदीखतच लागते. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी दुय्यम निबंधकाकडे गेला पाहिजे. आणखी चार महिन्यांची सवलत दंड भरून मिळते, त्यापुढे नाही. साठेखतानंतर विकणारा टाळाटाळ करू लागला, तर खरेदीखत करून मागण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. करारात खरेदीखताची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर त्याने नकार दिल्याचे कळल्यापासून.

बिल्डरकडून गाळा किंवा फ्लॅट घेताना महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक पाहा. नोंदवलेल्या कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याचा बिल्डरला अधिकार नाही. ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. गळती दिसली की तोंडी तक्रारी करत बसू नका. फोटो काढून ईमेलने कळवा, म्हणजे तारीख कागदावर येते. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे का, ते पाहावे. बिल्डर अभिहस्तांतरण करून देत नसेल, तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यावर या कामाला हात घालायचा, तर फार उशीर झालेला असतो.

बहिणी, वारस आणि नॉमिनी

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाने शंका उरू दिली नाही: तो हक्क जन्मापासूनचा आहे, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली नोंदणीकृत वाटणी किंवा विक्री यांना मात्र त्याने धक्का लागत नाही. तेव्हा ‘बहिणीला लग्नात दिलेच आहे’ हे उत्तर कोर्टात चालत नाही. बहीण हिस्सा सोडणार असेल, तर तिने समजून-उमजून हक्कसोडपत्र करावे आणि ते नोंदवावे. तलाठ्यापुढचा जबाब किंवा घरगुती कागदावरची सही यांवर विसंबून जागा घेणारा खरेदीदार पुढच्या दाव्यात प्रतिवादी होतो.

नॉमिनी म्हणजे वारस, हा तसाच दुसरा घोळ. सोसायटीने, बँकेने किंवा कंपनीने कोणाच्या हाती द्यायचे, एवढेच नामनिर्देशनाने ठरते. मालक कोण, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या मागे राहिलेल्या म्युच्युअल फंडांबाबतचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले की कंपनी कायद्यातल्या नामनिर्देशनानेही नॉमिनी पूर्ण मालक होत नाही, वारसांचा हक्क शाबूत राहतो. म्हणून नॉमिनेशन भरा आणि मृत्युपत्रही करा. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका.

भागीदारी आणि धंद्याचे नाव

भागीदारीपत्र करून बँकेत खाते उघडले की काम झाले, असे समजू नका. फर्म निबंधकाकडे नोंदलेली नसेल, तर भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ६९ मुळे तिला करारातून येणे असलेल्या पैशांसाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. भागीदाराचाही फर्मवरचा किंवा दुसऱ्या भागीदारावरचा दावा अडतो. उलट फर्मवर मात्र कोणीही दावा करू शकतो.

भागीदारीपत्रात आणखी दोन कलमे हवीतच. एक भागीदार वारला तर फर्म चालू राहील की नाही? काही लिहिले नसेल तर ती कायद्याने विसर्जित होते. आणि बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कसा मोजायचा? गुडविल, माल आणि उधारी यांची किंमत ठरवण्याची पद्धत गोडी असतानाच लिहून ठेवावी. फर्ममधून बाहेर पडणाऱ्याने नुसती सही करून घरी जाऊ नये. जाहीर नोटीस देईपर्यंत फर्मच्या पुढच्या देण्यांतही तो अडकू शकतो, कारण प्रत्येक भागीदाराची जबाबदारी त्याच्या हिश्श्यापुरती नसते, पूर्ण देण्याची असते.

दुकानाच्या नावाचे तसेच. गुमास्ता परवान्यावर किंवा कंपनी नोंदणीत नाव आले म्हणजे त्या नावावर हक्क बसला असे नाही. त्यासाठी ट्रेडमार्कची वेगळी नोंदणी करावी लागते, ती दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण करता येते. भावाभावांचा धंदा असेल, तर ट्रेडमार्क फर्मच्या नावावर आहे की एकाच्या, हे आजच पाहून घ्या.

अडकलेली उधारी: तारखांचा खेळ

येणे वसूल करण्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत आहे. ती मालाच्या प्रत्येक बिलाला वेगळी लागते, म्हणून ‘खाते चालूच आहे’ या भरवशावर राहू नका. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याचे लेखी देऊन सही केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. दरवर्षी मार्चअखेर खातेउतारा पाठवून ‘बाकी बरोबर’ अशी सही-शिक्क्याची पोच घेणे, हे त्यासाठीचे सर्वांत स्वस्त काम. ऑर्डर, डिलिव्हरी चलनावरची पोच आणि बिल एकत्र लावून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी पुरावा म्हणून चालतात, पण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. तेव्हा मोबाइल बदलताना जुन्या चॅट पुसू नका.

चेक वटला नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची घड्याळे सुरू होतात. एक उदाहरण घ्या. चेकवर तारीख ५ जून. तीन महिन्यांच्या आत तो भरायला हवा; तुम्ही १० जूनला भरला. ‘फंड्स इनसफिशियंट’ असा शेरा असलेला रिटर्न मेमो १२ जूनला हाती आला. आता तीस दिवसांच्या आत चेकची रक्कम मागणारी लेखी नोटीस निघाली पाहिजे. १२ जुलै ही शेवटची तारीख. समजा नोटीस त्याला १८ जुलैला मिळाली. पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस, म्हणजे २ ऑगस्टपर्यंत. दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद दाखल व्हायला हवी. वकील शेवटच्या दिवसाची वाट न पाहता ऑगस्टमध्येच ती करतो. फिर्याद तुमचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते, त्याच्या गावाला जावे लागत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. खटला चालू असताना वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईही कोर्ट देऊ शकते. ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ या शब्दावर तीस दिवस गेले, तर त्या मेमोवर काही करता येत नाही. चेकची मुदत शिल्लक असेल, तर तो पुन्हा भरून नव्या मेमोवर नव्याने सुरुवात करावी लागते.

चेक देणाऱ्यांनीही सांभाळावे. सही केलेला कोरा चेक ‘सिक्युरिटी’ म्हणून दिलात आणि समोरच्याने रक्कम भरली, तरी देणे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

वस्तू बनवणारे किंवा सेवा देणारे सूक्ष्म आणि लघु उद्योग यांच्याकडे आणखी एक हत्यार आहे. एमएसएमई विकास कायदा, २००६ प्रमाणे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागते. दाद सुविधा परिषदेकडे मागायची. त्यासाठीची उद्यम नोंदणी मोफत आहे. ती माल पुरवण्याआधीच करून ठेवा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र या वसुलीचा लाभ मिळत नाही.

नोटीस आली तर

पोस्टमनला परत पाठवू नका. योग्य पत्त्यावर पोस्टाने आलेली नोटीस नाकारली, तरी ती मिळाली असेच कोर्ट धरते. पाकिटासह ती जपून ठेवा, मिळाल्याची तारीख त्यावर लिहा आणि रागाच्या भरात स्वतः उत्तर खरडू नका. दाव्याचे समन्स आले, तर कैफियत तीस दिवसांत द्यायची असते. कोर्ट नव्वद दिवसांपर्यंत वाढवून देते. व्यापारी न्यायालयात १२० दिवसांनंतर उत्तराचा हक्कच जातो. समोरचा एकतर्फी मनाई हुकूम आणेल अशी धास्ती असेल, तर आधी कॅव्हेट दाखल करा. ते नव्वद दिवस चालते.

सगळेच शेवटपर्यंत लढायचे नसते. तीन लाख किंवा त्याहून अधिक रकमेच्या व्यापारी वादात तातडीचा हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीचीच आहे. लोकअदालतीत मिटले तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसते. तडजोड झाली की ती कोर्टात लेखी नोंदवून घ्या, म्हणजे तिची अंमलबजावणी करून घेता येते.

वकिलाकडे पहिल्यांदा जाल ते शक्यतो सहीच्या आधी. भांडण झाल्यावर जायची वेळ आलीच, तर घडलेल्या गोष्टी तारीखवार एका पानावर लिहून न्या आणि सगळी कागदपत्रे घेऊन जा. आपल्याविरुद्ध जाणारा कागद तर आधी दाखवा. त्याची प्रत समोरच्याकडे असतेच, आणि आपल्या वकिलाने ती पहिल्यांदा उलटतपासणीत पाहण्यापेक्षा आपल्याच हातून पाहिलेली बरी.